प्रतिमा तीच, माप वेगळे : हार्ड डिस्क बदलताना

नांदेड जिल्ह्यातील कंधार हे तालुक्याचे गाव खंदकाने वेढलेल्या भुईकोट किल्ल्यासाठी प्रसिद्ध आहे. राष्ट्रकूट काळाशी नाते सांगणाऱ्या या गावाच्या व्यवहारांत आता संगणकाने आपली जागा पक्की केली आहे. महाविद्यालयाचा संगणक कक्ष, २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाचे केंद्र, लग्नसमारंभाची छायाचित्रे सांभाळणारा स्टुडिओ, दाखले काढून देणारे सेवा केंद्र, अशा ठिकाणी वर्षानुवर्षांची माहिती हार्ड डिस्कवर साठत जाते. डिस्क कधीतरी बंद पडणार, हे गृहीत धरून जाणकार मंडळी तिची संपूर्ण नक्कल, म्हणजेच ‘डिस्क इमेज’, दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवतात.

खरी परीक्षा होते ती ही नक्कल परत वापरण्याच्या दिवशी. नवी डिस्क जुनीपेक्षा मोठी असते, इमेज शेवटपर्यंत उतरते, कुठेही चूक दाखवली जात नाही. मात्र संगणक सुरू केला की पडद्यावर येते, ती ही डिस्क कोरी असल्याची सूचना. प्रत्यक्षात त्या डिस्कवर एकूण एक अक्षर जागच्या जागी असते. मग संगणकाला ते दिसत का नाही? याचे उत्तर बहुतेकांच्या लक्षात न येणाऱ्या एका मापात दडलेले असू शकते. ते माप म्हणजे डिस्कच्या सेक्टरचा आकार.

सेक्टर म्हणजे काय?

हार्ड डिस्क एकेक अक्षर सुटे लिहीत किंवा वाचत नाही. तिचा सगळा व्यवहार ठरावीक आकाराच्या कप्प्यांत चालतो. या कप्प्याला सेक्टर म्हणतात. प्रत्येक सेक्टरला शून्यापासून क्रमांक असतो आणि संगणक डिस्ककडे माहिती मागतो ती ‘अमुक क्रमांकाचा सेक्टर दे’ अशा शब्दांत. एका सेक्टरमध्ये किती बाइट मावतात, हे मात्र सर्वत्र आणि सर्वकाळ सारखे नव्हते. आयबीएम कंपनीने १९५६ साली आणलेल्या ‘रॅमॅक’ या पहिल्या व्यावसायिक डिस्क यंत्रणेत एका सेक्टरमध्ये १०० अक्षरे मावत. सीडी-रॉमच्या सेक्टरमध्ये २,०४८ बाइट असतात. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीच्या फ्लॉपीत आणि १९८३ मध्ये पीसी-एक्सटीसोबत आलेल्या १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कमध्ये ५१२ बाइटचा सेक्टर होता. घरगुती संगणकांच्या जगात पुढे सुमारे तीन दशके हेच माप इतके रुळले, की प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ते अनेक ठिकाणी गृहीतच धरले.

५१२ वरून ४,०९६ कडे

डिस्कची क्षमता वाढत गेली तशी ५१२ बाइटची अडचण जाणवू लागली. प्रत्येक सेक्टरसोबत त्याची सुरुवात ओळखण्याच्या खुणा आणि चूक सापडल्यास ती दुरुस्त करणारे संकेतांक लिहावे लागतात. ५१२ बाइटच्या प्रत्येक सेक्टरमागे असा सुमारे ६५ बाइटचा वरखर्च होता. म्हणजे आठ सेक्टर लिहिले की ५२० बाइट त्यातच जात. हेच आठ सेक्टर एकत्र करून ४,०९६ बाइटचा एक सेक्टर केला तर वरखर्च सुमारे ११५ बाइटवर येतो, आणि तरीही चूक दुरुस्त करण्याची ताकद वाढते. जागेचा उपयोग सुमारे ८९ टक्क्यांवरून ९७ टक्क्यांवर जातो.

डिस्क उत्पादकांच्या ‘आयडेमा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने या मोठ्या सेक्टरचा पुरस्कार केला. ‘अ‍ॅडव्हान्स्ड फॉरमॅट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा डिस्क २००९ च्या अखेरीस बाजारात आल्या आणि जानेवारी २०११ पासून घरगुती संगणकांसाठीची नवी मॉडेल्स याच पद्धतीने बनविण्याचे उत्पादकांनी ठरविले. जुन्या प्रणाली एकदम बंद पडू नयेत म्हणून एक तडजोडही केली गेली. त्यामुळे आज डिस्कचे तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार ‘५१२एन’. यात तबकडीवरचा भौतिक सेक्टर आणि संगणकाला दिसणारा तार्किक सेक्टर हे दोन्ही ५१२ बाइटचे असतात. दुसरा ‘५१२ई’. यात आत ४,०९६ बाइटचा सेक्टर असतो; बाहेर मात्र डिस्क स्वतःला ५१२ बाइटची म्हणवते. तिसरा ‘४केएन’. यात आतबाहेर दोन्हीकडे ४,०९६ हेच माप असते. घरगुती संगणकासाठी मिळणाऱ्या बहुतेक हार्ड डिस्क दुसऱ्या प्रकारात मोडतात आणि बहुतेक एसएसडीही संगणकाला ५१२ हेच माप सांगतात. तिसरा प्रकार मुख्यतः सर्व्हरच्या डिस्कमध्ये भेटतो. काही एसएसडींमध्ये ५१२ किंवा ४,०९६ यांपैकी माप निवडण्याची सोय असते. मात्र माप बदलताना आतील सारी माहिती पुसली जाते.

डिस्क इमेजची दोन रूपे

सगळे प्रोग्राम घालून, मराठी कळफलक व फॉन्ट बसवून एक संगणक तयार करायचा आणि त्याची नक्कल उरलेल्या सर्व संगणकांवर उतरवायची, ही संगणक कक्षांतील जुनी रीत आहे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले ‘घोस्ट’ हे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने विकत घेतले आणि पुढे ‘घोस्ट मारणे’ हा हार्डवेअर दुरुस्त करणाऱ्यांच्या बोलीतला रूढ शब्दप्रयोग झाला. घरगुती ग्राहकांसाठीचे ‘नॉर्टन घोस्ट’ २०१३ मध्ये बंद झाले, रीत मात्र राहिली.

इमेज काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात डिस्कचे सेक्टर क्रमाने जसेच्या तसे उतरवून घेतले जातात. लिनक्समधील ‘डीडी’ ही आज्ञा हे काम करते. तैवानमध्ये विकसित झालेल्या ‘क्लोनझिला’सारखी अवजारे केवळ वापरात असलेला भाग उचलतात, परंतु तो कोठे ठेवायचा याचा हिशेब तेही जुन्या डिस्कच्या सेक्टरांवरूनच करतात. दुसऱ्या मार्गात फाइली, फोल्डर, त्यांची नावे आणि परवानग्या गोळा करून एका गठ्ठ्यात बांधल्या जातात. मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टाच्या काळात रूढ केलेला ‘विम’ हा प्रकार या जातीचा आहे. पहिल्या मार्गाने काढलेली इमेज मापाशी बांधलेली असते, दुसऱ्या मार्गाची नसते. सगळा फरक पडतो तो येथे.

आकडा तोच, जागा वेगळी

मराठवाड्यातील शेतकऱ्याला ही अडचण जमिनीच्या मोजणीवरून चटकन उमगेल. जुन्या मोजणीत ३३ फुटांची साखळी असे. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. समजा, जुन्या टिपणात ‘विहिरीपासून २० वर हद्दीचा दगड’ एवढेच लिहिले आहे. साखळीने मोजले तर तो दगड सुमारे २०१ मीटरवर सापडेल. मोजणाऱ्याने २० म्हणजे मीटर समजले, तर तो आपल्याच शेताच्या मध्यावर उभा राहील आणि दगड नाही म्हणेल. दगड जागेवरच आहे, आकडाही खरा आहे; एकक तेवढे हरवले आहे.

डिस्कवरही अशी टिपणे असतात. पार्टिशन म्हणजे डिस्कचे केलेले विभाग. ‘सी’, ‘डी’ ही त्यांची परिचित नावे. कोणता विभाग कोठे सुरू होतो आणि किती लांब आहे, याची नोंद डिस्कच्या आरंभीच्या पार्टिशन तक्त्यात असते. ही नोंद बाइटमध्ये नसून सेक्टरांच्या संख्येत असते आणि जुन्या पद्धतीच्या तक्त्यात तर सेक्टर किती बाइटचा आहे, हे कोठेही लिहिलेले नसते.

विंडोज व्हिस्टापासून पहिला विभाग साधारणतः २,०४८ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होतो. ५१२ बाइटच्या मापाने ही जागा १०,४८,५७६ व्या बाइटवर येते. हीच नोंद ४,०९६ बाइटच्या डिस्कवर जशीच्या तशी उतरली, की संगणक तो विभाग ८३,८८,६०८ व्या बाइटवर शोधू लागतो. तेथे त्याला कुठल्यातरी फाइलचा मधलाच तुकडा सापडतो. लांबीही आठपट दिसते. ५०० जीबीचा विभाग ४ टीबीचा भासतो आणि तो डिस्कच्या बाहेर जात असल्याचे पाहून संगणक सारा तक्ताच अमान्य करतो.

‘जीपीटी’ या नव्या पद्धतीच्या तक्त्याची गत याहून निराळी नाही. त्याचे शीर्षक १ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये असते. ५१२ च्या डिस्कवर ते ५१२ व्या बाइटपासून सुरू होते, ४,०९६ च्या डिस्कवर ४,०९६ व्या बाइटपासून. जुनी इमेज उतरविल्यावर संगणक ४,०९६ व्या बाइटवर शीर्षक शोधतो आणि त्याला यादीच्या मधलाच भाग दिसतो. या तक्त्याची राखीव प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये असते. नवी डिस्क मोठी असल्याने तीही अपेक्षित जागी सापडत नाही.

तक्ता हाताने दुरुस्त केला तर? सुरुवातीचा क्रमांक आठाने भागून २,०४८ ऐवजी २५६ लिहिता येतो. लिनक्समधील ‘ईएक्सटी४’ ही फाइल व्यवस्था आपले स्वतःचे, सहसा ४,०९६ बाइटचे, गट मोजत असल्याने एवढ्या दुरुस्तीने ती बहुधा उघडते. विंडोजच्या ‘एनटीएफएस’चे तसे नाही. तिच्या पहिल्याच सेक्टरमध्ये ‘सेक्टर ५१२ बाइटचा’ अशी नोंद असते आणि तिची अंतर्गत मांडणीही त्यावर बेतलेली असते. डिस्क ४,०९६ सांगते, फाइल व्यवस्था ५१२ सांगते; या विसंगतीमुळे विंडोज तो विभाग उघडत नाही.

तडजोडीच्या डिस्कवरील छुपा तोटा

५१२ई प्रकारच्या डिस्कवर जुनी इमेज चालते, कारण बाहेरचे माप तेच असते. परंतु विंडोज एक्सपीच्या काळातील इमेज असेल तर एक वेगळाच त्रास संभवतो. त्या काळी पहिला विभाग ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होत असे. ६३ ला आठाने नि:शेष भाग जात नाही. त्यामुळे फाइल व्यवस्थेचा प्रत्येक ४,०९६ बाइटचा गट डिस्कच्या दोन भौतिक सेक्टरांवर पसरतो. लिहिताना डिस्कला आधी दोन्ही सेक्टर वाचावे लागतात, त्यांत बदल करावा लागतो आणि पुन्हा दोन्ही लिहावे लागतात. माहिती सुरक्षित राहते, पण नवी डिस्क जुनीपेक्षाही मंद वाटू लागते. विभागाची सुरुवात २,०४८ सारख्या आठाने भाग जाणाऱ्या क्रमांकावर सरकविणे, हा त्यावरील उपाय. इमेज उतरविणाऱ्या अनेक अवजारांत ही सोय असते.

घराघरांतील धोका : बाहेरची पेटी

४केएन डिस्क घरी आढळत नाही, म्हणून हा प्रश्न आपला नाही, असे समजणे महागात पडू शकते. यूएसबीने जोडायच्या मोठ्या डिस्कच्या पेटीत तो लपलेला असू शकतो. जुन्या पद्धतीच्या पार्टिशन तक्त्यात सेक्टरची संख्या लिहायला ३२ बिटांचीच जागा आहे. ५१२ च्या मापाने त्यातून सुमारे २.२ लाख कोटी बाइट, म्हणजे संगणकाच्या मोजणीत २ टेराबाइटच हाताळता येतात. एक्सपीवर याहून मोठी डिस्क चालावी म्हणून काही पेट्यांमधील सर्किट आतल्या डिस्कचे माप बदलून संगणकाला ४,०९६ सांगू लागले. मर्यादा त्यामुळे आठपट वाढून १६ टेराबाइट झाली.

पेटी धड आहे तोवर सगळे सुरळीत चालते. एखाद्या दिवशी तिची यूएसबी खाच मोडते वा सर्किट जळते. दुरुस्ती करणारा आतली डिस्क काढून थेट संगणकाला जोडतो. आता मधला दुभाषी नाहीसा झालेला असतो. डिस्क ५१२ म्हणते, तक्ता ४,०९६ च्या हिशेबाने लिहिलेला असतो, आणि विंडोज ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ किंवा ‘इनिशियलाइझ करा’ असे सुचविते. अनेकांचा घात होतो तो नेमका या क्षणी. लग्नाचे अल्बम किंवा दहा वर्षांचे हिशेब त्या डिस्कवर शाबूत असताना मालक स्वतःच्या हाताने होकाराची कळ दाबतो आणि त्यावर नवा तक्ता लिहिला जातो.

माप कसे पाहावे?

इमेज काढण्यापूर्वी माप पाहून ठेवणे दोन मिनिटांचे काम आहे. विंडोजमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ हा प्रोग्राम उघडून ‘कंपोनंट्स’, त्याखाली ‘स्टोरेज’ आणि मग ‘डिस्क्स’ येथे गेल्यास ‘बाइट्स पर सेक्टर’ ही ओळ दिसते. हे तार्किक माप होय आणि इमेज जुळेल की नाही, हे त्यावरच ठरते. भौतिक मापही हवे असल्यास ‘एफएसयूटिल’ ही आज्ञा दोन्ही आकडे दाखविते. लिनक्समध्ये ‘एफडिस्क’ची यादी तार्किक व भौतिक सेक्टरचा आकार एकाच ओळीत देते. पेटीतील डिस्कचे माप पेटीत असताना आणि थेट जोडल्यावर वेगळे असू शकते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

सर्व्हरमधून निवृत्त होऊन स्वस्तात विकल्या जाणाऱ्या डिस्क घेताना तर हे माप विचारूनच घ्यावे. त्यांत ४केएन डिस्क असतात, तशाच काही साठवण यंत्रणांसाठी ५२० बाइटच्या सेक्टरने तयार केलेल्याही असतात. या दुसऱ्या प्रकारच्या डिस्क ५१२ च्या मापाने नव्याने फॉरमॅट केल्याखेरीज साध्या संगणकाच्या उपयोगी पडत नाहीत.

माप वेगळे असेल तर

जुन्या व नव्या डिस्कचे तार्किक माप सारखे असेल तर सेक्टरनिहाय इमेज निर्धास्तपणे वापरावी. माप वेगळे असेल तर फाइलनिहाय मार्ग धरावा. विंडोजमध्ये जुन्या डिस्कवरील विभागाची ‘विम’ इमेज काढायची, नव्या डिस्कवर तिच्याच मापाने नवा जीपीटी तक्ता व नवे विभाग तयार करायचे, त्यांत ती इमेज उलगडायची आणि शेवटी ‘बीसीडीबूट’ या आज्ञेने संगणक सुरू करणाऱ्या फाइली नव्याने लिहायच्या, असा हा क्रम आहे. वेळ थोडा अधिक लागतो, परंतु मापाचा प्रश्नच उरत नाही.

४केएन डिस्कवर विंडोज चालवायचे असेल तर दोन अटी आहेत. प्रणाली विंडोज ८ किंवा त्यानंतरची हवी आणि संगणक ‘यूईएफआय’ पद्धतीने सुरू होणारा हवा. तसेच आरंभीच्या फाइलींसाठी राखलेला विभाग किमान २६० मेगाबाइटचा ठेवावा लागतो. ५१२ च्या डिस्कवर १०० मेगाबाइट पुरत असले तरी ‘फॅट३२’ या व्यवस्थेला गटांची किमान संख्या लागते आणि गट मोठा झाला की विभागही मोठा करावा लागतो. जुन्या विभागांचे आकार डोळे झाकून नव्या डिस्कवर गिरविणाऱ्यांची गाडी बहुधा येथे अडते.

आभासी संगणक वापरणाऱ्या संस्थांनाही हाच नियम लागू आहे. विंडोजची जुनी ‘व्हीएचडी’ ही आभासी डिस्क ५१२ चेच तार्किक माप जाणते. २०१२ मध्ये आलेली ‘व्हीएचडीएक्स’ ४,०९६ चेही स्वीकारते. प्रत्यक्ष डिस्कवरून आभासी डिस्कवर स्थलांतर करताना हा भेद पाहिला पाहिजे.

इमेज आधीच उतरवून झाली असेल, किंवा पेटीतली डिस्क थेट जोडून कोरी दिसत असेल, तर पहिला नियम एकच : त्या डिस्कवर काहीही लिहू नये. फॉरमॅट, इनिशियलाइझ किंवा दुरुस्तीच्या कोणत्याही सूचनेस नकार द्यावा. पेटीतील डिस्कच्या बाबतीत तेच माप सांगणारी, शक्यतो त्याच मॉडेलची पेटी मिळाल्यास माहिती पूर्ववत दिसण्याची शक्यता बरीच असते. मात्र काही पेट्या माहिती कूटबद्ध करूनही लिहितात. तशी पेटी असल्यास तज्ज्ञाची मदत घेणे इष्ट. सेक्टरनिहाय इमेजची फाइल हाती असेल तर लिनक्समध्ये ती ‘लूसेटअप’ या आज्ञेने आभासी डिस्क म्हणून जोडता येते आणि जोडताना सेक्टरचे माप ५१२ समजावे की ४,०९६, हे सांगता येते. योग्य माप सांगितले की विभाग दिसू लागतात आणि त्यांतील फाइली वाचण्यापुरत्या उघडून नव्या डिस्कवर उतरविता येतात.

पाटीवर लिहावयाची एक ओळ

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे शाळा, महाविद्यालये, दुकाने आणि घरे यांतून जुने संगणक बदलण्याची लगबग आहे, आणि जुन्या डिस्कची इमेज काढून कपाटात ठेवण्याचीही. अशी इमेज ठेवताना तारखेसोबत जुन्या डिस्कची क्षमता, पार्टिशन तक्त्याचा प्रकार आणि तार्किक सेक्टरचे माप या गोष्टी चिठ्ठीवर लिहून डिस्कला चिकटवाव्यात. महत्त्वाच्या फाइलींची साधी, फोल्डरनिहाय प्रतही वेगळी ठेवावी; ती कोणत्याही मापाच्या डिस्कवर उघडते. आणि इमेज काढून झाल्यावर एकदा तरी दुसऱ्या डिस्कवर उतरवून पाहावी. परत उतरविता येते याची खात्री पटेपर्यंत कोणतीही इमेज सुरक्षित प्रत म्हणून मोजू नये.

सातबाऱ्यावर क्षेत्राच्या आकड्याइतकेच त्याचे एकक महत्त्वाचे असते; एकर की हेक्टर हे न पाहता कोणी व्यवहार करीत नाही. डिस्कच्या बाबतीतही तेवढीच दक्षता घेतली, तर वर्षांचे काम ऐन वेळी डोळ्यांसमोर असून नाहीसे होण्याची पाळी येणार नाही.